उघडा देह आणि नजरेची अमानत

उर्दूत दोन शब्द आहेत, 'उरयानी' आणि 'फहाशी'. उरयानी म्हणजे अंगावर वस्त्र नसणे. फहाशी म्हणजे अश्लीलता, बेशरमपणा. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. नववीच्या मुलींना अर्थ सांगताना हे दोन शब्द फळ्यावर वेगवेगळ्या ओळींत लिहितो. वर्गाबाहेर मात्र लोक ते एका दमात उच्चारतात, जणू जोडशब्दच. मराठीत 'नग्न' आणि 'नागडा' हे एकाच घरातले दोन भाऊ. एकाला मूर्तीच्या आणि चित्राच्या शेजारी मानाचे आसन मिळाले, दुसरा भांडणात शिवीसारखा वापरला जातो. शिवाय 'उघडा' आहेच. तो बिचारा गरीब. भट्टीसमोर राबणारा माणूस उघडा असतो, त्याला नग्न कोणी म्हणत नाही.

इंग्रजीतही हाच घोळ आहे. केनेथ क्लार्क यांनी १९५६ साली 'द न्यूड' हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते कपड्यांवाचून ओशाळलेला देह वेगळा आणि कलेने घडवलेला, ओशाळेपण नसलेला देह वेगळा. १९७२ साली जॉन बर्जर यांनी ही मांडणी उलटी केली. बिनकपड्याचा माणूस निदान स्वतः तरी असतो, कलेतला नग्न देह मात्र दुसऱ्याने पाहावे म्हणून मांडलेला असतो, असे त्यांचे म्हणणे. या विद्वानांच्या वादात पडण्याची आमची पात्रता नाही. पण एके दिवशी आमच्या शिक्षककक्षातच हा वाद येऊन बसला.

चित्रकलेच्या सरांनी जुन्या बाजारातून एक इंग्रजी कलामासिक आणले होते. त्यात रिनेके डाइकस्ट्रा या डच छायाचित्रकार बाईंची १९९४ सालची तीन छायाचित्रे होती. जुली, टेक्ला आणि सास्किया या तीन बाळंतिणी. पहिलीचे बाळ तासाभराचे, दुसरीचे एका दिवसाचे, तिसरीचे आठवड्याचे. तिघी उभ्या आहेत, मागे कोरी भिंत, बाळ छातीशी धरलेले आणि नजर थेट कॅमेऱ्याकडे. जुलीच्या कमरेला दवाखान्यातली चड्डी आणि घडी आहे. टेक्लाच्या पायावरून रक्ताचा एक ओघळ उतरला आहे. सास्कियाच्या पोटावर शस्त्रक्रियेची खूण आहे.

एका बाईंनी तोंड फिरवले. दुसऱ्या म्हणाल्या, "तौबा, हे काय छापायचे असते?" एक सर काही न बोलता चहाचा कप घेऊन बाहेर गेले. तेवढ्यात कप गोळा करायला शाळेतल्या मावशी आल्या. त्यांनी मान वाकडी करून सास्कियाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मॅडम, हिचे टाके तर भरून आले. माझे महिनाभर दुखत होते." कक्षातली सगळी लाज त्या एका वाक्याने कुठल्या कुठे गेली. मावशींना तिथे नग्न बाई दिसलीच नव्हती, बाळंतीण दिसली होती.

त्या दिवशी आम्हाला वाटले, प्रश्न सुटला. निसर्ग दाखवणारे छायाचित्र निर्मळ आणि वासना चाळवणारे मलिन, अशी सरळ वाटणी करता येईल. पुढे वाचत गेलो तसतशी ती वाटणी हातात राहिनाशी झाली.

एडवर्ड वेस्टन हे अमेरिकेतले मोठे छायाचित्रकार. १९३० साली त्यांनी एका ढोबळ्या मिरचीचे छायाचित्र काढले, 'पेपर नंबर ३०' म्हणून ते जगभर गाजले. ती मिरची पाहणाऱ्याला वाकलेल्या पाठीचा, आवळलेल्या स्नायूंचा भास होतो. शिंपले आणि भाज्यांच्या या चित्रांत लोकांनी लैंगिक अर्थ शोधले. वेस्टन यांनी ते नाकारले, आपण फक्त आकार पाहतो ही त्यांची भूमिका. त्यांनी स्त्रीदेहही तसेच टिपले. १९३६ सालचे त्यांचे एक नग्नचित्र फार प्रसिद्ध आहे. कॅरिस विल्सन ही तरुणी बसली आहे, गुडघा दुमडलेला, हातांची कमान पायांभोवती, मान खाली. चेहरा दिसत नाही. प्रकाश असा पडला आहे की देह वळणावळणाने वाहत गेलेली एक रेघ वाटावा. कॅरिसची आणि वेस्टन यांची ओळख १९३४ सालच्या सुमाराची. ती तेव्हा विशीच्या आसपास होती, ते पन्नाशीच्या जवळ आलेले. दोघे प्रेमात होते, पुढे त्यांनी लग्नही केले.

आता हे छायाचित्र नैसर्गिक म्हणावे की कामुक? वेस्टन यांच्या हिशेबाने मिरची आणि कॅरिस दोन्ही निसर्गच. आम्हाला मात्र इथेच खटकते. माणूस आपल्या प्रेयसीकडे मिरचीकडे पाहावे तसे पाहत होता, हे आमच्या गळी उतरत नाही, आणि खरेच तसे पाहत असेल तर ते जास्त वाईट. प्रेम होते, ओढ होती, ती चित्रात उतरली. त्यात शरमेचे काही नाही. खोटेपणा आहे तो 'हा निव्वळ आकार आहे' या दाव्यात. निसर्गाचे नाव घेऊन वासना लपवता येते, हे आम्हाला प्रथम इथे उमगले.

या चित्राबद्दल कॅरिसने पुढे स्वतः लिहिले. वेस्टन यांना उजव्या हातावरची सावली शेवटपर्यंत पटली नाही. आणि कॅरिसला? तिला आपला भांग वाकडा पडला होता आणि केसांतल्या पिना दिसत होत्या, हे खुपत राहिले. आम्ही हे वाचले आणि पुस्तक मिटून हसलो. मग पुन्हा चित्र पाहिले. खरेच भांग वाकडा आहे! तोवर तो आम्हाला दिसलाच नव्हता. जगातले जाणकार वक्ररेषा आणि छायाप्रकाश यांवर लिहीत राहिले. ती बाई मात्र आरशासमोर उभ्या राहणाऱ्या कोणत्याही बाईसारखी आपल्या भांगाची फिकीर करत होती. त्या पिनांमुळे ती रेघ पुन्हा कॅरिस झाली.

त्यानंतर आम्ही डाइकस्ट्राबाईंच्या चित्रांकडेही जरा संशयाने पाहू लागलो. तीही काही आपोआप घडलेली नाहीत. मोठ्या फिल्मचा, तिकाटण्यावर बसवावा लागणारा कॅमेरा आहे. बाईला भिंतीपाशी उभे केले आहे. बाळंतीण आपणहून अशी उभी राहत नाही, ती आडवी होते. म्हणजे हा निसर्गही मांडलेलाच. त्याच वर्षी बाईंनी पोर्तुगालमध्ये बैलांशी झुंजून नुकत्याच बाहेर आलेल्या पुरुषांची छायाचित्रे काढली, कपड्यांवर रक्त, चेहऱ्यावर थकवा. माणूस एका मोठ्या झटापटीतून बाहेर पडतो तेव्हा त्याला चेहऱ्याची घडी बसवायला वेळ मिळालेला नसतो. तो क्षण त्यांना हवा होता. झुंजणाऱ्याच्या अंगावर कपडे आहेत आणि बाळंतिणीच्या नाहीत, एवढाच फरक. पण या तिघी समोर पाहतात. आपल्याला कोणी पाहत आहे, हे त्यांना ठाऊक आहे आणि त्या परत पाहत आहेत.

जॉन कोप्लान्स यांनी तर दुसऱ्या कोणाला उघडे करण्याचा प्रश्नच ठेवला नाही. वयाच्या साठीनंतर, १९८४ पासून ते स्वतःचाच देह टिपत राहिले. लोंबणारी कातडी, केसाळ पाठ, जाडी बोटे. चेहरा कधीच नाही. ही चित्रे पाहून कोणाला वासना सुचेल असे वाटत नाही, म्हणून ती नैसर्गिक, असे म्हणून लोक मोकळे होतात. म्हणजे तरुण देह कामुक आणि म्हातारा देह निसर्ग! हा न्याय तपासून पाहिला पाहिजे.

कायद्याचीही अशीच ओढाताण झाली. मुंबईचे पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्या खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने जुनी इंग्रजी कसोटी कायम ठेवली. मात्र केवळ नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हेही न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी त्याच निकालात सांगितले. पुढे टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू बार्बरा यांच्या नग्न छायाचित्रावरून कोलकात्यात खटला गुदरला. हे छायाचित्र खुद्द बार्बराच्या वडिलांनी काढलेले, आधी जर्मन नियतकालिकात आलेले आणि १९९३ साली आपल्याकडे पुन्हा छापलेले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने खटला रद्द केला आणि जुनी कसोटी बाजूला ठेवली. गोरा पुरुष, सावळी स्त्री आणि वर्णभेदाविरुद्धचे म्हणणे हा संदर्भ न्यायालयाने महत्त्वाचा मानला. निकाल चांगलाच आहे. पण हे सारे खटले पाहणाऱ्याच्या मनाचे काय होते, एवढेच विचारतात. जिला पाहिले जाते तिचे काय होते, हे कोणत्या कलमात विचारले आहे?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून सुचला नाही. २०२१ च्या जुलैत 'सुल्ली डील्स' आणि २०२२ च्या पहिल्याच दिवशी 'बुल्ली बाई' या नावाने मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे मोबाइलवर लिलावाला मांडली गेली. त्यांतल्या कोणीही उघडी नव्हती. कोणी ओढणीत, कोणी हिजाबात, कोणी कचेरीतल्या साध्या पोशाखात. सगळ्यांचा सतर जिथल्या तिथे होता, तरी त्यांना बाजारात उभे केले गेले. फहाशी होती, उरयानी नव्हती. आमच्या मैत्रिणींनी त्या आठवड्यात आपापली छायाचित्रे काढून टाकली. आम्हीही टाकली.

आणि याच्या अगदी उलट एक आठवण. आमच्या दादी वारल्या तेव्हा गुस्लसाठी घरातल्या बायकांत आम्हीही होतो. नाभीपासून गुडघ्यापर्यंत चादर असते, हाताला कापड गुंडाळून तिच्याखालून अंग धुतात. पाणी घालण्याआधी मोठ्या फुफींनी आम्हाला बजावले, "इथे जे दिसेल ते इथेच ठेवायचे. मय्यतचे अंग अमानत असते." आम्ही दादींना पाहिले. ज्या देहाने सात मुले वाढवली तो आयुष्यात प्रथमच पाहिला. त्यावर काय काय लिहिलेले होते ते आम्हाला लख्ख आठवते. ते इथे लिहिणार नाही.

छायाचित्र नेमके याच्या विरुद्ध काम करते. एकाने पाहिलेले ते सगळ्यांच्या हवाली करते. म्हणून ज्याच्या हाती कॅमेरा आहे त्याची अमानत जास्त जड. कामुकतेला आम्ही भीत नाही. १९५४ साली मुंबईत अकबर पदमसी यांच्या 'लव्हर्स' चित्रांवरून खटला झाला. चित्रातल्या पुरुषाचा हात स्त्रीच्या छातीवर होता, एवढ्यावरून. ते निर्दोष सुटले, आणि उतारवयात त्यांनी स्वतः कॅमेरा हाती घेऊन नग्न देहाची कृष्णधवल छायाचित्रे काढली. दोन माणसांमधली ओढ दाखवणे हा आमच्या लेखी गुन्हा नाही. आम्ही चित्रात आता फक्त भांग शोधतो. म्हणजे त्या माणसाची स्वतःची काही फिकीर, काही हट्ट, काही 'मी' त्यात उरला आहे का. कोप्लान्स यांच्या बोटांत तो आम्हाला सापडतो. कितीतरी गुळगुळीत, महागड्या, निष्पाप म्हणवणाऱ्या चित्रांत सापडत नाही.

ते मासिक अजून चित्रकलेच्या सरांच्या कपाटात आहे. मध्यंतरी ते पुन्हा टेबलावर आले तेव्हा मावशींनी फडके बाजूला ठेवून जुलीच्या कुशीतल्या बाळावर बोट ठेवले. हे पोर आता केवढे असेल, असे त्यांनी विचारले. आम्ही हिशेब केला. १९९४ चा जन्म, म्हणजे तिशी ओलांडली, जवळजवळ आमच्याच वयाचे.

"आईने तर हो म्हटले असेल," मावशी म्हणाल्या, "पण त्याचेही अंग उघडेच की. मोठे झाल्यावर त्याला कोणी विचारले का?"

सरांनी मासिक हातात घेतले, जरा वेळ त्या पानाकडे पाहिले आणि ते मिटून ठेवले. तासाची घंटा झाली होती.