शिकवणारीच्या शिक्षणाचा खर्च

१८८२ साली कोलकात्याच्या अबला दास या मुलीला डॉक्टर व्हायचे होते. शहरातल्या मेडिकल कॉलेजात तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. मद्रासच्या कॉलेजने मात्र १८७५ पासूनच त्यांना घ्यायला सुरुवात केली होती. बंगाल सरकारने अबलाला शिष्यवृत्ती दिली आणि विशीही न गाठलेली ती मुलगी मद्रासला गेली. पदवी काही मिळाली नाही. प्रकृती बिघडली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. १८८७ मध्ये तिचे जगदीशचंद्र बोस यांच्याशी लग्न झाले, आणि आपल्याकडे तिची ओळख थोर शास्त्रज्ञाची पत्नी एवढ्यावरच थांबली.

जमाखर्चाच्या वहीत ती शिष्यवृत्ती बुडीत खात्यात गेली. पण बंगालमधल्या खेडोपाडीच्या लहान मुलांसाठी शिक्षिका कुठून आणायच्या, याचे उत्तर पुढे याच बाईने शोधले, आणि तेही अशा रीतीने की आजच्या शिष्यवृत्ती योजना आखणाऱ्यांनी ते एकदा नीट पाहावे.

१८८२ हेच साल पुण्यातही महत्त्वाचे ठरले. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना चार वर्षांपूर्वी कोलकात्याच्याच विद्वानांनी दिल्या होत्या. मुलींना शिकवायला बायकाच तयार करा, त्यांना पुरुष शिक्षकांपेक्षा जास्त पगार द्या आणि शिकणाऱ्या बायकांची राहण्याची सोय कॉलेजच्या आवारातच करा, असे त्यांनी आयोगाला सांगितले. पगार आणि निवास. फीचा प्रश्न त्यानंतरचा. ज्या बाईने देशभर पायी वणवण केली होती, तिला शिकणे कशापायी अडते हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अबला बोस यांच्या घरात सुधारणा ही बोलण्यापुरती गोष्ट नव्हती. वडील दुर्गामोहन दास यांनी आपल्या तरुण विधवा सावत्र आईचे लग्न लावून दिले होते. थोरली बहीण सरला रॉय यांनी १९२० मध्ये कोलकात्यात मुलींची शाळा काढली आणि तिला नाव दिले गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. गोखले मेमोरियल आजही चालू आहे, आणि तिथे शिकणाऱ्या कितीतरी मुलींना हे गोखले कोण ते सांगावे लागत असेल. गोखल्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १६ मार्च १९११ रोजी कोलकात्यातच कायदेमंडळापुढे आले. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. विधेयक आले त्याच दिवशी, त्याच शहरात, रोकेया सखावत हुसेन यांनी आठ मुली घेऊन मुस्लिम मुलींसाठी आपली शाळा सुरू केली. एकीकडे सगळ्या देशाचा मसुदा, दुसरीकडे आठ मुली. आणि टिकली ती शाळा.

पण रोकेयांना लगेच दुसरी अडचण आली. शिकवायला कोण? कोलकात्यात प्रशिक्षित मुस्लिम शिक्षिका मिळेनात, म्हणून मद्रास, गया, आग्रा इथून बायका आणाव्या लागल्या. त्यांनी सरकारचा पाठपुरावा केला आणि १९१९ मध्ये मुस्लिम स्त्रियांसाठी शिक्षिका प्रशिक्षण शाळा निघाली. त्याच वर्षी अबला बोस यांनी नारी शिक्षा समिती स्थापन केली. तोवर त्या जवळजवळ दशकभर ब्राह्मो बालिका शिक्षालयाच्या चिटणीस होत्या, म्हणजे शाळा चालवण्याचा अनुभव पदरी होता. खेड्यांत शाळा काढायला पैसे मिळत, जागा मिळे, पाटीपेन्सिलही मिळे. खेड्यात जाऊन राहील अशी शिकलेली बाई मिळत नसे.

त्यावर त्यांनी काढलेला मार्ग म्हणजे १९२५ चे विद्यासागर वाणी भवन. विधवांच्या पुनर्विवाहासाठी झटलेल्या ईश्वरचंद्र विद्यासागरांचे नाव त्याला दिले ते उगीच नव्हे. बंगालच्या घराघरांत कोवळ्या वयाच्या विधवा होत्या, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात आयुष्य काढणाऱ्या. त्यांना वाणी भवनात ठेवून घ्यायचे, जेवूखाऊ घालायचे, शिकवायचे, शिक्षिकेचे प्रशिक्षण द्यायचे आणि समितीच्याच शाळांत नेमायचे. या साखळीची एक कडी निसटली असती तर बाकीच्या कड्यांचा उपयोग नव्हता. नुसते वसतिगृह काढले असते तर तो आश्रम झाला असता. नुसते प्रशिक्षण दिले असते तर त्या बायका प्रमाणपत्र घेऊन पुन्हा त्याच स्वयंपाकघरात गेल्या असत्या. मराठी वाचकाला इथे अण्णासाहेब कर्वे आठवणारच. १८९६ मध्ये पुण्यात सुरू झालेला आणि पुढे हिंगण्याला गेलेला त्यांचा आश्रम याच जातकुळीतला. त्या काळच्या मंडळींना ‘लाभार्थी’ हा शब्द ठाऊक नव्हता, पण बाईला शिकायला मोकळीक हवी तर तिच्या दोन वेळच्या जेवणाचा भार दुसऱ्या कोणीतरी उचलायला हवा, हे पक्के ठाऊक होते.

आता आजचे कोलकाते. इथल्या वस्त्यांत अंगणवाडीला लोक एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयसीडीएस’ म्हणतात, कोणी थट्टेने ‘खिचुडी स्कूल’. ती कधी भाड्याच्या खोलीत भरते, कधी मोहल्ल्यातल्या क्लबात, जिथे एरवी कॅरम चालतो. शिकवणारी अंगणवाडी सेविका म्हणजे दिदीमणी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ गटांत ही योजना सुरू झाली. तिचे मूळ त्याआधी तीस वर्षांचे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डीतल्या बालशिक्षणाच्या कामात. आज दिदीमणीने मुलांची वजने घ्यायची, गर्भवतींच्या घरी जायचे, आहार वाटायचा, ‘पोषण ट्रॅकर’वर माहिती भरायची आणि उरलेल्या वेळात तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या मेंदूची पायाभरणी करायची. केंद्राने २०१८ मध्ये सेविकेचे मासिक मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केले. राज्य त्यात आपली भर घालते. या पैशांत घर चालवून कॉलेजचा विचार करायला बाई फार धाडसी हवी.

२०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणते की बारावी झालेल्या सेविकांना बालशिक्षणाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका द्यावी, तीही कामात फारसा खंड न पडता, टीव्ही वाहिनी आणि मोबाइलवरून, महिन्याला एका प्रत्यक्ष वर्गासह. २०२३ मध्ये केंद्राने ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम आणला. त्यातले सेविकांचे मूळ प्रशिक्षण तीन दिवसांचे. विषय चांगले आहेत. पण पायाभरणीच्या गोष्टी तीन दिवसांत उरकता येतात असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या घराची पायाभरणी किती दिवसांत केली होती?

पश्चिम बंगालमध्ये शिष्यवृत्त्यांचा दुष्काळ मुळीच नाही. २०१३ ची ‘कन्याश्री’ अविवाहित, शिकत्या मुलीला अठराव्या वर्षी २५,००० रुपये देते. २०१७ मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. स्वामी विवेकानंदांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, जिला मुले सॉल्टलेकमधल्या सरकारी इमारतीवरून ‘विकास भवन’ म्हणतात. ती मागच्या परीक्षेचे गुण आणि घरचे उत्पन्न पाहते. २०२१ मध्ये आलेले स्टुडंट क्रेडिट कार्ड चाळिशीपर्यंतच्या विद्यार्थ्याला दहा लाखांपर्यंत देते, पण ते कर्ज आहे. या तिन्हींच्या मनातली विद्यार्थिनी एकच: नुकतीच शाळेतून बाहेर पडलेली, मोकळी, पुढे काय व्हायचे ते ठरवणारी. अडतीस वर्षांची, दोन मुलांची आई असलेली, पंधरा वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना बडबडगीते शिकवणारी दिदीमणी, कार्डाच्या वयोमर्यादेत बसली तरी, त्यांच्या मनातल्या चित्रात बसत नाही. तिने नेताजी सुभाष मुक्त विद्यापीठात नाव घातलेच तर ते रविवारच्या आणि रात्रीच्या बळावर.

नोकरीत असलेल्या बाईसाठीच शिष्यवृत्ती आखली तर ती कशी दिसते, याचा नमुना अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात आहे. १९९० मध्ये तिथे ‘टीच’ नावाची योजना निघाली. पाळणाघरांत आणि बालवाड्यांत काम करणाऱ्या बायकांचा पगार इतका तुटपुंजा होता की त्या टिकत नसत, आणि शिकण्याचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेर होता. योजनेने खर्चाची वाटणी केली: मोठा वाटा शिष्यवृत्तीचा, थोडा संस्थेचा, थोडा त्या बाईचा. अभ्यासासाठी पगारी सुटी मिळते. ठरलेले श्रेयांक पुरे केले की पगारवाढ किंवा बोनस मिळतो, आणि बदल्यात तिने ठरावीक काळ त्याच जागी राहायचे. सरकारी पैशाचा त्यात मोठा वाटा आहे आणि आता ती अमेरिकेतल्या अनेक राज्यांत पसरली आहे. अबला बोस यांच्या साखळीतल्या जवळजवळ सगळ्या कड्या इथे दिसतात. निवास तेवढा नाही, त्याच्या जागी वेळ आहे.

यावर एक रास्त आक्षेप असा की लहान मुलांत रमायला पदवी कशाला? कोलकात्यातच त्याचा भक्कम पुरावा आहे. सियालदाच्या लोरेटो शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर सिरिल यांनी फार न शिकलेल्या तरुण मुलींना प्रशिक्षण देऊन झोपडपट्ट्यांत आणि खेड्यांत शिकवायला पाठवले, आणि ते काम नावाजले गेले. पण त्या प्रशिक्षणामागे एक अख्खी शाळा उभी होती, अडले तर विचारायला. शिवाय अनुताईंकडे पाहावे. बालपणीच वैधव्य, शिक्षिकेची नोकरी, रात्रशाळेतून मॅट्रिक, मग बोर्डी आणि कोसबाड. पदवी त्यांनी १९६१ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर घेतली. तोवर अर्धा जन्म बालशिक्षणात गेला होता, काम शिकायला त्यांना त्या कागदाची गरज नव्हती. तरीही त्या शिकत राहिल्या. आणि ज्यांच्याकडे अनुताईंची जिद्द नाही, पण मुलांची माया आहे, अशा हजारो जणींचे काय? त्यांच्याकडून जिद्दीची अपेक्षा करणे म्हणजे सरकारने आपला खर्च त्यांच्या झोपेतून वसूल करणे.

पदवीचा आणखी एक उपयोग आहे, थोडा रुक्ष. आपल्याकडे वेतनश्रेणी पात्रतेला चिकटलेली असते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि आपल्या ठाण्याचे न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने, हे काम अर्धवेळ आहे हा युक्तिवाद मानला नाही. काम पूर्णवेळचे ठरले, पण दर मानधनाचाच राहिला. पदवी मिळवून दिदीमणीला तेच मानधन मिळणार असेल तर हुशार बाई पदवी घेईल आणि दुसरी नोकरी शोधेल. त्यात तिची काही चूक नाही. म्हणून शिष्यवृत्ती आणि वेतनश्रेणी एकाच फायलीत यायला हवीत, आणि आज त्या एका खात्यातही नाहीत.

सगळ्यात अडचणीचा प्रश्न मात्र साधा आहे. अंगणवाडीत बायका दोनच, सेविका आणि मदतनीस. दिदीमणी मंगळवारी वर्गाला गेली तर मदतनीस खिचडी ढवळणार की मुलांना गोष्ट सांगणार? त्या दिवसापुरती तिसरी बाई हवी, तिला मजुरी हवी. शिकणारीला मोकळीक देण्याचा खर्च वाणी भवनात संस्थेने उचलला, नॉर्थ कॅरोलायनात तो योजनेने धरला आहे. विकास भवनच्या अर्जात किंवा दिल्लीच्या धोरणात त्यासाठी रकाना नाही.