पदराची गाठ आणि ई-रुपया

आठवडी बाजाराचा दिवस होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरला बँकमित्राच्या टपरीसमोर मी बराच वेळ उभा होतो. जिवतीच्या पहाडावरून उतरलेली एक मावशी योजनेचे पैसे काढायला आली होती. कापूस वेचणीचे दिवस, बोंडांच्या टोकांनी तिची बोटं चिरलेली, अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेलेल्या. यंत्राने तिचा अंगठा तीनदा नाकारला. ‘‘मावशी, हात धुऊन या जी, पुन्हा लावून पाहू,’’ टपरीतला पोरगा म्हणाला. ती नळावर जाऊन आली, लुगड्याला बोट पुसलं. पाचव्या खेपेला अंगठा लागला. हातात आलेल्या नोटा तिने दोनदा मोजल्या, पदराच्या टोकात बांधल्या आणि गाठ कमरेला खोचली. आता त्या पैशांना कुणाचा अंगठा लागत नव्हता.

डिजिटल चलनाला जनतेचा पाठिंबा कसा मिळवायचा, याची चर्चा मुंबई-दिल्लीत होते. ती या गाठीपासून सुरू व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

रोकडीवर आमच्या भागातल्या माणसाचा जीव आहे, याला अडाणीपणा म्हणणं मोठी चूक आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा कापूस घरात येत होता. त्या हंगामात नगदीचा भाव वेगळा आणि चेकचा वेगळा निघाला. चेकने क्विंटलमागे जास्त मिळत असूनही लोक नगदी मागत होते. खात्यात पडलेली रक्कम पीककर्जात वळती होईल, ही भीती त्यामागे होती. शिवाय चेक वटेपर्यंत मजुरांचा चुकारा थांबणार, आणि बँकेच्या प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडणार. हा सगळा हिशेब करून माणूस कमी भाव पत्करत होता. त्याच वर्षी १ डिसेंबरला ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. सोहळ्याला तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार होते, म्हणजे आमच्याच चंद्रपूर जिल्ह्याचे. दुकानदारांना स्वाइप यंत्रं मिळाली. पुढे नोटा पुरेशा आल्या आणि धसईच्या बाजारात रोकड परत आली. लोकांनी यंत्र वापरून पाहिलं होतं, पण ते हवं असं कुणी ठरवलेलं नव्हतं.

एवढं असूनही मी ई-रुपया या डिजिटल चलनाच्या बाजूचा आहे. फोन पे किंवा गुगल पे करतो तेव्हा आपण बँकेत ठेवलेला पैसा हलवतो, म्हणजे बँकेने आपल्याला देणं असलेली रक्कम. ई-रुपया ही रिझर्व्ह बँकेची स्वतःची नोट आहे, फक्त कागदाशिवाय. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला ठेवीदारांना फक्त एक हजार रुपये काढता येतील असं सांगितलं गेलं. आयुष्याची पुंजी खात्यात दिसत होती, हाताला लागत नव्हती. बँक बुडाली तरी ज्याची किंमत बुडत नाही असा पैसा गरिबाच्या फोनमध्ये असणं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. नेटवर्क नसतानाही तो चालला, तर गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीसारख्या भागाला त्याचा खरा उपयोग.

मग हे मावशीला कुणी सांगितलं? १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पाच्या भाषणात डिजिटल रुपयाची घोषणा झाली. वित्त विधेयकातून रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन डिजिटल नोटेला कायदेशीर जागा मिळाली. १ डिसेंबर २०२२ पासून मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वरला लोकांसाठीची चाचणी सुरू झाली. या सगळ्यात ज्याच्या खिशात हा पैसा जायचा, त्याला विचारायची पायरी कुठेच आली नाही.

आपल्याकडे दुसरी रीतही होऊन गेली आहे. आण्यांचे पैसे झाले तेव्हा संसदेने १९५५ मध्ये नाण्यांच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि नवा पैसा आला १ एप्रिल १९५७ ला. मधलं दीडेक वर्ष तयारीला होतं. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, हे गणित सोपं नव्हतं, त्यासाठी कोष्टकं छापली गेली. जुनी आणि नवी नाणी काही वर्षं शेजारी शेजारी चालली आणि नाण्यावरचा ‘नया’ हा शब्द १९६४ मध्ये गेला. घाई केली नाही म्हणून ते पचलं, आणि ‘सोळा आणे खरं’ हे बोलणंही आपल्या तोंडी राहिलं. उलट नायजेरियाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ई-नायरा हे डिजिटल चलन आणलं. २०२३ च्या सुरुवातीला तिथे जुन्या नोटा बदलताना रोकडीची टंचाई झाली, लोक बँकांसमोर रांगा लावून संतापले, आणि शेवटी जुन्या नोटा चालू ठेवायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. रोकड आवळून डिजिटल पैशाबद्दल प्रेम उत्पन्न होत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती अटी घातलेल्या पैशाची. ई-रुपया कशावर खर्च करायचा हे त्याच्यातच बांधून देता येतं. ओडिशा आणि आंध्र प्रदेशात कुळांना शेतीकर्ज देताना तो बी-खतासारख्या गोष्टींवरच खर्च व्हावा, असा प्रयोग स्टेट बँकेने केला. हेतू चांगला आहे, कर्ज खरोखर शेतात जावं हा. पण आमच्याकडची जुनी माणसं अजून सांगतात, की व्यापारी पहाडात यायचा आणि मापभर चारोळी घेऊन मापभर मीठ द्यायचा. मीठ हवंच असायचं, म्हणून सौदा व्हायचा. त्या माणसाला मिठाऐवजी औषध घ्यायची मोकळीक नव्हती. नगदी पैशाने ती मोकळीक दिली. पोराला ताप आला असेल तर खताचे पैसे दवाखान्यात द्यायचे, हा निर्णय आईचा आहे. तो पैशात आधीच बांधून टाकणार असू, तर तिची परवानगी घेतली पाहिजे. आणि परवानगी घ्यायची म्हणजे तिला नाही म्हणता आलं पाहिजे.

ही परवानगी कशी घ्यायची ते गडचिरोलीने देशाला दाखवलेलं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकायचा हक्क वनखाते मान्य करेना. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्याआधी कितीतरी वर्षं तिथे अभ्यासगट बसत होते. कायदा वाचायचा, शंका काढायच्या, आणि बहुमताने नव्हे तर सगळ्यांच्या सहमतीने ठरवायचं, ही मेंढ्याची पद्धत. एकाचंही समाधान झालं नाही तर विषय पुढच्या बैठकीला. उशीर होतो, पण ठरलेलं मोडायला मग कुणी जात नाही. तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करणाऱ्या ग्रामसभाही या भागात आहेत. सत्तर पानांचं पुडकं मोजून घेणाऱ्या माणसांना पैशाचा व्यवहार समजणार नाही, असं कुणी समजू नये.

म्हणून आमदार-खासदारांकडे माझं मागणं साधं आहे. ई-रुपया चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आणायचा असेल तर आधी ग्रामसभेपुढे आणा. रिझर्व्ह बँकेचा अधिकारी सतरंजीवर बसू दे, सोबत गोंडी आणि कोलामी बोलणारा माणूस असू दे. फोन हरवला तर पैसा कुठे जातो? कर्जात वळता होतो का? कुठे खर्च केला हे कोण पाहतं? नोटा चालू राहतील, हे कोण लिहून देतं? उत्तरं मराठीत, सही-शिक्क्यासह, ग्रामसभेच्या रजिस्टरला लागू देत.

त्या दिवशी मावशी बाजारातून परत निघाली तेव्हा पहाडाकडच्या जीपजवळ पुन्हा भेटली. मी तिला ई-रुपयाबद्दल जमेल तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हात आपसूक कमरेच्या गाठीवर गेला. ‘‘त्याले बी आंगठाच लागते का जी?’’ तिने विचारलं. फोन उघडायला काहीतरी लागतंच, आकडे नाहीतर अंगठा, असं मी म्हणालो. ‘‘मंग आंगठा झिजल्यावर?’’ जीप सुटायला आली होती. ती चढून बसली, आणि खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली, उत्तराची वाट पाहत.