देव नाकारणे आणि देवाविना जगणे

देव नाही असे मानणे ही एक गोष्ट. बारसे, लग्न आणि तेरवी देवाला मध्ये न घेता पार पाडणे ही दुसरी. महाराष्ट्रातील नास्तिक विचार गेल्या दीडशे वर्षांत पहिल्या गोष्टीकडून दुसरीकडे सरकत गेला आहे. वादात देव नाकारणाऱ्याला या समाजाने बरेचदा ऐकून घेतले. पण त्याच माणसाने बापाचे श्राद्ध घालायचे नाकारले, की भावकी जागी झाली. त्यामुळे उघडपणे नास्तिक म्हणून जगण्याचा इतिहास युक्तिवादांइतकाच विवाहनोंदणी, शपथ, शाळेचा दाखला आणि अंत्यसंस्कार यांचाही आहे.

प्राचीन दर्शनांत जगाचा कर्ता न मानणारे पुष्कळ होते. जैन आणि बौद्ध परंपरांना असा कर्ता मान्य नाही. निरीश्वर सांख्यांचे प्रकृती आणि पुरुष यांवर भागते. पूर्वमीमांसेला यज्ञाचे फळ मिळण्यासाठी ईश्वराची गरज वाटत नाही. तरीही सांख्य आणि मीमांसा वैदिक परंपरेत मानाने नांदल्या, कारण त्यांनी वेदांचे प्रामाण्य सोडले नाही. चार्वाकांनी मात्र वेद, परलोक आणि श्राद्ध ही तिन्ही उडवून लावली. त्यांचे बहुतेक ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ चार्वाकांपासूनच सुरू होतो, पण त्यांचे खंडन करण्यासाठी. ईश्वराविषयी मतभेद चालत होते; कर्मकांडावर आणि त्यावर जगणाऱ्या पुरोहितावर घाव घातला, की तडजोड संपत होती. पुढच्या काळातही हाच नियम दिसतो.

मराठवाड्यातील आजचा हिंगोली जिल्हा हा तर भक्तिपरंपरेचा मुलूख, पण तिथेही देवाला प्रश्न विचारला गेला. नामदेवांचे जन्मस्थान मानली जाणारी नरसी याच जिल्ह्यात आहे आणि बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाणारे औंढा नागनाथही. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपले होते आणि नामदेवांनी हटकल्यावर, जिथे पिंडी नसेल तिथे माझे पाय ठेव, असे त्यांनी सांगितले, ही कथा औंढ्याचीच. तिच्यात दगडाच्या मूर्तीचे माहात्म्य कमी होते, पण देव सर्वत्र आहे असा निष्कर्ष निघतो. देव कुठेच नाही असे संतांनी म्हटले नाही. मात्र देवळातल्या देवाला प्रश्न विचारता येतो, एवढी सवय वारकरी परंपरेने या भागातल्या माणसाला लावली.

आचाराच्या बाजूने पहिला मोठा धक्का दिला तो नास्तिक नसलेल्या माणसाने. जोतीराव फुले निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, मानत. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भटजीविना लग्ने लावायला सुरुवात झाली. ईश्वर आणि भक्त यांच्यामध्ये दलाल नको, एवढाच त्यांचा आग्रह होता. परिणाम मात्र दूरवर गेला. लग्न लागायला पुरोहित लागत नाही, हे एकदा सिद्ध झाल्यावर मंत्र लागतात का आणि देव लागतो का, हे प्रश्न फार दूर उरत नाहीत. जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या अशा लग्नांवरून ग्रामजोशी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी कोर्टात गेले. मोक्षाचा विषय दिवाणी दाव्यावर आला, तेव्हा त्याच्यामागचा व्यवहारही उघडा पडला.

गोपाळ गणेश आगरकरांनी (१८५६–१८९५) प्रश्न थेट देवाकडे नेला. मिल आणि स्पेन्सर वाचून तयार झालेले आगरकर १८८८ पासून ‘सुधारक’मधून लिहू लागले. ‘देवतोत्पत्ति’ या त्यांच्या निबंधात देव माणसाने घडवले कसे, याची मीमांसा आहे. निसर्गाच्या शक्तींचे भय आणि मृतांविषयीच्या कल्पना यांतून देवता निर्माण झाल्या, असे ते मांडतात. देव आहे की नाही हा वाद त्यांनी देवाची कल्पना आली कुठून या चौकशीत बदलला, आणि मराठी विवेकवादाला त्यामुळे कायमची दिशा मिळाली. ईश्वराविषयी त्यांची स्वतःची भूमिका अज्ञेयवाद्याची होती. पुण्याच्या सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. मृत्यूनंतर त्यांच्या उशाशी अंत्यविधीच्या खर्चाची पुरचुंडी सापडली, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांत येते. बहिष्काराची भीती वादसभेत नव्हे, तर तिरडीला खांदा देणाऱ्यांच्या संख्येत मोजली जाई, हे त्या पुरचुंडीवरून कळते.

आगरकरांनंतरच्या पिढीत नास्तिकतेला अज्ञेयवादाची झूल घालण्याची गरज उरली नाही. १८९९ साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे हे बुद्धिवादाचे उघड पुरस्कर्ते होते. र. धों. कर्वे (१८८२–१९५३) तर स्वतःला सरळ नास्तिक म्हणवत. १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. कर्व्यांचे वेगळेपण असे, की देव नसेल तर नीतीचे काय, या नेहमीच्या आक्षेपाला त्यांनी बगल दिली नाही. एखाद्या कृतीने कोणाचे नुकसान होते का, ही त्यांची कसोटी होती. धर्मग्रंथाची परवानगी ती नव्हे.

याच काळात कायदाही एका विचित्र वळणावर होता. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर वधूवरांना आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म मानत नाही, असे लिहून द्यावे लागे. जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या श्रद्धाळूंनाही त्यामुळे कागदोपत्री धर्म सोडावा लागत होता. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसांत त्यातून सूट मिळाली. १९५४ च्या नव्या कायद्याने धर्माविषयीचे असे निवेदनच काढून टाकले. तीस दिवसांची नोटीस, विवाह अधिकाऱ्यापुढे तीन साक्षीदार आणि सह्या. श्रद्धावंत असो वा नास्तिक, प्रक्रिया तीच.

मराठवाड्यात हा विचार पुणे-मुंबईसारखा रुजणे शक्य नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तिथे धर्म हा सत्तेचाही प्रश्न होता. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते. पण त्यांच्या चळवळीचे उद्दिष्ट धर्मराज्य नव्हते, लोकशाही होते. भगव्या वस्त्रातल्या नेत्यामागे उघड नास्तिक तरुण चालू शकत होता. नरहर कुरुंदकर हे अशा तरुणांपैकी सर्वांत ठळक नाव.

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूरचा. ते गाव आणि आडनावाचे मूळ असलेले वसमत तालुक्यातील कुरुंदा ही दोन्ही तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि ती त्यात आली. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे हैदराबादला राहून ते शिकले आणि पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व प्राचार्य झाले. नास्तिक असल्याचे त्यांनी कधी लपवले नाही. तरी त्यांचे आवडते विषय पाहिले, तर महाभारत, मनुस्मृती, संतसाहित्य आणि शिवकाल ही यादी एखाद्या कीर्तनकाराची वाटावी. श्रद्धा नसलेला माणूस धर्मग्रंथांकडे पाठ फिरवतो, हा समज त्यांनी खोटा ठरवला. मनुस्मृतीचे त्यांनी केलेले विवेचन हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ग्रंथ पवित्र की जाळण्याजोगा, एवढ्यावर न थांबता त्याने कोणती समाजरचना राखली आणि स्त्रिया व शूद्र यांची त्यात काय अवस्था झाली, हे ते तपासतात. ‘जागर’ या पुस्तकात त्यांनी सेक्युलॅरिझमची चर्चा केली. सर्व धर्मांना सारखा नमस्कार घालणारे राज्य त्यांना पुरेसे वाटत नव्हते. ऐहिक जीवनाचे नियम ठरवताना धर्माला बाजूला ठेवण्याचा अधिकार राज्याकडे हवा, अशी त्यांची मांडणी होती. हिंदू परंपरेची चिकित्सा ज्या मापाने केली, त्याच मापाने त्यांनी इस्लामचीही केली. आपल्या लोकांच्या भाषेत, त्यांच्याच पुराणातले दाखले देऊन बोलल्यामुळे मराठवाड्यातील श्रद्धाळू श्रोता त्यांच्या व्याख्यानाला गर्दी करी. नास्तिकाला या भागात सार्वजनिक प्रतिष्ठा मिळाली ती या मार्गाने.

कुरुंदकरांचे निकटचे मित्र हमीद दलवाई यांची वाट अधिक अवघड होती. त्यांनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. फुल्यांच्या संघटनेचे नाव जवळजवळ शंभर वर्षांनी दुसऱ्या धर्मसमाजात आले. ३ मे १९७७ रोजी दलवाई वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न करता धार्मिक विधीविना दहन झाले. लेखणीतला नकार त्यांनी अंत्यसंस्कारापर्यंत नेला.

सामूहिक पातळीवर हे काम आंबेडकरांनी केले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा देताना त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. तशीच श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची आणि ब्राह्मणाकरवी क्रियाकर्म न करून घेण्याचीही आहे. एकट्यादुकट्या बुद्धिवाद्याला जमत नाही ते इथे साधले: देव सोडणाऱ्याला समाज सोडावा लागला नाही. लग्न, नामकरण आणि मृत्यू यांच्यासाठी वंदना, त्रिसरण आणि पंचशील मिळाले. हिंगोली जिल्ह्यात बौद्धांची संख्या मोठी आहे. त्यामुळे ईश्वराविना चालणारे लग्न ही तिथे दुर्मीळ गोष्ट नाही. बौद्ध स्वतःला धर्महीन मानत नाहीत, हा फरक अर्थात महत्त्वाचा आहे.

१९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने आणखी एक भेद केला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी देवाधर्माला विरोध हा समितीचा कार्यक्रम ठेवला नाही. शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध हा ठेवला. नट डॉ. श्रीराम लागू मात्र देवाला निवृत्त करा, असे जाहीरपणे म्हणत. या दोघांचे ‘विवेकजागर’ वादसंवाद महाराष्ट्रभर झाले. देव नाकारणारा नट आणि देवाविषयी निर्णय श्रोत्यांवर सोडणारा कार्यकर्ता एकाच मंचावर बसत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला.

श्रद्धा नसण्याच्या हक्काला न्यायालयांतूनही आकार येत गेला. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे, आणि तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथेला गांभीर्यपूर्वक दृढकथनाचा पर्याय आहे. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेतील प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला, तेव्हा तशी सक्ती मूलभूत हक्काचा भंग ठरते, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले. २३ सप्टेंबर २०१४ रोजी त्याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले: शासन कोणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही आणि कोणताच धर्म मानत नाही असे सांगण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवणारे देशभरात सुमारे ३३ हजार होते. त्यांतले साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले. धर्म न सांगणारे मात्र २८ लाखांच्या पुढे होते. श्रद्धा नसणे आणि ती नसल्याचे प्रगणकाला सांगणे यांतले अंतर अजून बरेच आहे.

हे अंतर घरात पडते. गावच्या हरिनाम सप्ताहाची वर्गणी, जत्रेची पंगत, घराचा कुळाचार, नव्या घराची वास्तुशांती यांपैकी कशात सामील व्हायचे, हे नास्तिकाला दरवेळी ठरवावे लागते. अनेक जण अन्नदानाला धान्य देतात, पण पूजेला बसत नाहीत. पंगतीत वाढायला उभे राहतात, आरतीला नाही. पुरुषाची नास्तिकता घरात बहुधा त्याचा स्वभाव म्हणून खपून जाते. बाईची तशी खपत नाही. कपाळ, गळा आणि हातातल्या बांगड्या पाहून तिचा हिशोब मांडला जातो. वटपौर्णिमा सोडली की नवऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न काढला जातो. विधवा झाल्यावर कुंकू न पुसणारी बाई देवाविषयी एक शब्दही न बोलता रूढीला नकार देते, आणि त्याची किंमतही तीच मोजते.

मृत्यूच्या बाबतीत देहदान हा सर्वांत सरळ पर्याय ठरला आहे. १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयाला देता येतो. हिंगोलीकरांना त्यासाठी नांदेड गाठावे लागे. २०२४ मध्ये हिंगोलीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. संमतिपत्र भरणारा एक असतो आणि ते अमलात आणणारे नातेवाईक दुसरे. म्हणून घरच्यांशी आधी बोलून ठेवावे, असा सल्ला कार्यकर्ते देतात.

कायद्यात एक गाठ अजून सुटलेली नाही. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नसलेल्या भारतीयाला, अन्य कायदा वा रूढी लागू असल्याचे सिद्ध झाले नाही, तर हिंदू विवाह आणि वारसा कायदा लागू होतो, मग त्याची श्रद्धा असो वा नसो. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांना भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. पण १९७६ च्या दुरुस्तीनंतर दोघेही हिंदू असतील, तर पुन्हा हिंदू वारसा कायदाच येतो. शाळेच्या दाखल्यातील धर्माचा रकाना कोरा ठेवता येतो, पण पुढे जातीच्या प्रमाणपत्रासाठी तोच दाखला पुरावा म्हणून लागतो. धर्म मानत नाही हे सांगण्याचा हक्क उच्च न्यायालयाने मान्य केला आहे. ज्याचा धर्मच नाही अशा माणसाचे लग्न, वारसा आणि नोंदी कोणत्या कायद्याने चालाव्यात, याचे उत्तर विधिमंडळाने आणि संसदेने अजून दिलेले नाही.