लक्ष्मीबाईंची लेखणी

१८९५ साली कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार उभा चिरला गेला. नवरा एकीकडे, त्या एकीकडे, नातेवाईक हादरलेले. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या त्या हिंदू म्हणूनच. स्वयंपाक वेगळा, पाणीही वेगळं. टिळकांनी सक्ती केली नाही. घराने माणसाला आधी आहे तसं सामावून घ्यावं, ही खरी ख्रिस्ती वागणूक! १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाने.

शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांकडून.

पुढे प्लेगच्या छावणीत त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. घरात पोरकी मुलं असत, पाहुण्यांचा राबता असे, पैशाची ओढाताण तर पाचवीलाच पुजलेली. या कामांना त्यांनी कधी हलकं मानलं नाही, आणि कविता लिहिणंही सोडलं नाही. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राची भाषा इतकी जिवंत आहे ती त्या चुलीपाशी, त्या माणसांत घडली म्हणूनच.

१९१९ मध्ये टिळक गेले. येशूच्या जीवनावरचं त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. त्यातले बहुतेक अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले.