परतीचं भाडं कोणाचं?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

गाणगापूरला पायी जायचं म्हटलं की आमच्या धाराशिवात पहिल्याच बैठकीत सगळं ठरतं. निघायचं कोणत्या तिथीला, तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट असे मुक्काम कसे धरायचे, सामानाचा टेम्पो कोणाचा, कोणत्या गावात भाकरी मिळेल, झेंडा कोणाच्या हातात द्यायचा. यायचं कसं, हे मात्र शेवटपर्यंत कोणी काढत नाही. काढलंच तर एखादे ज्येष्ठ म्हणतात, "अहो, महाराज नेतात, महाराजच आणतील." मग नामघोष होतो आणि विषय तिथंच राहतो.

मी जन्मभर बँकेत कारकुनी केली. शिक्षण बी. कॉम. निवृत्त झाल्यावर या पदयात्रेची हिशेबाची वही माझ्याकडं आली. त्यामुळं अध्यात्मावर बोलायचा माझा अधिकार नाही, पण भाड्यावर बोलायचा थोडाफार आहे. आणि परतीचं भाडं कोणी भरायचं हा मला धर्माचाच प्रश्न वाटतो. तो कसा, एवढंच या दत्तजयंती अंकात मांडतो.

जुन्या काळी हा प्रश्नच नव्हता. माणूस चालत जाई आणि चालतच घरी येई. अजूनही शेगावची श्री गजानन महाराजांची पालखी आषाढीला जाताना आपल्या धाराशिव-तुळजापूरवरून जाते आणि परतताना बार्शी-भूममार्गे पायीच शेगाव गाठते. म्हणजे जाणं आणि येणं, दोन्ही आपल्या जिल्ह्यानं पाहिलेलं आहे. आळंदीची माउलींची पालखीसुद्धा पंढरपुरात काला झाला की पायीच परत निघते. परतवारी म्हणतात तिला. पण जातानाची गर्दी परतवारीत नसते. बहुतेकांची वारी एकादशीला पुरी होते आणि बारशीला ते एस.टी.च्या रांगेत उभे असतात.

आपल्या भागात हे वळण फार आधी आलं. बार्शी लाइट रेल्वेची ती अडीच फुटी छोटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली आणि १९११ मध्ये येडशी, ढोकीवरून लातूरपर्यंत गेली. पुढं एस.टी. आली. आता तर आषाढीला एका गावातून चाळीसच्या वर माणसांनी मागणी केली तर एस.टी. थेट गावातूनच गाडी देते. हे सगळं चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाहन आल्यापासून यात्रेचे दोन भाग पडले. जाताना पाय लागतात, येताना पैसा लागतो. चालताना शेतमालक आणि त्याचा सालगडी एकाच सावलीला बसतात. भाड्याची वेळ आली की ज्याचा तो खिसा वेगळा होतो.

त्यात गाणगापूर पडलं कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. आपल्या एस.टी.त पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पण या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच्या. रेल्वेत ज्येष्ठांना मिळणारी सूट मार्च २०२० मध्ये बंद झाली. गाणगापूर रोड स्टेशन देवळापासून वीसेक किलोमीटर लांब. तिथवर जायचं, तिथून सोलापूर, सोलापुरात उतरून धाराशिवची गाडी धरायची. दीडशेच्या वर किलोमीटर चालून पायाला फोड आलेल्या म्हाताऱ्या माणसानं पौर्णिमेच्या गर्दीत एवढ्या गाड्या बदलायच्या म्हणजे सोपं नाही. म्हणून आमच्यासारखे बरेच जण मिळून एक गाडी ठरवतात. इथंच खरी गोष्ट सुरू होते.

एका वर्षीचं सांगतो. संगमावर स्नान झालं, निर्गुण पादुकांचं दर्शन झालं. तोवर आठ-दहा जणांची मुलं आपापल्या मोटारी घेऊन आली होती. कोणी पुण्याहून आलेलं, कोणी सोलापूरहून. आई-वडिलांना त्यांनी प्रेमानं गाडीत बसवलं आणि नेलं. त्यात वाईट काय? काहीच नाही. पण ठरवलेल्या गाडीचं भाडं तेवढंच राहिलं. समजा, चाळीस माणसांची गाडी सोळा हजाराला ठरली, तर माणशी ४०० रुपये. दहा जण उतरले तर उरलेल्या तिसांना माणशी ५३३ पडतात. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तो हा स्थिर खर्च. वापरणारे घटले म्हणून तो घटत नाही, राहिलेल्यांच्या अंगावर येतो. आणि राहिलेले कोण? ज्यांच्या घरी मोटार नाही ते. शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईला हे वरचे १३३ रुपये म्हणजे जवळपास अर्ध्या दिवसाची मजुरी.

त्या वर्षी वर्गणी वाढवून मागितली, तेव्हा साठीच्या पुढच्या एक मावशी म्हणाल्या, "मी राहते इथंच दोन दिवस. सेवा करते, मग येईन." सगळे म्हणाले, बघा, केवढी भक्ती! त्यांच्याशेजारी झोपणाऱ्या दोघी बायकांना मात्र माहीत होतं की मावशींच्या पदराच्या गाठीला पहिल्या हिशेबाएवढेच पैसे होते. त्या दोघींनी कोणाला कळू न देता कमी पडलेले पैसे माझ्याकडं आणून दिले आणि म्हणाल्या, "काका, वहीत नाव मावशींचंच लिहा." मी तसंच लिहिलं. बँकेतही दुसऱ्याच्या खात्यात पैसे भरता येतात, जमा खातेदाराच्याच नावावर होते. मावशी आमच्याबरोबर घरी आल्या.

आता "महाराज आणतील" या वाक्याकडं वळू. मावशींना महाराजांनी आणलं हे मी मान्य करतो. पण आणलं त्या दोघींच्या हातांनी. आपण जेव्हा देवावर हवाला ठेवतो तेव्हा प्रत्यक्षात कोणीतरी माणूस ते ओझं उचलत असतो. रात्री अकराला ड्रायव्हरला फोन करणारा पोरगा असतो, जागा सोडून पायरीवर बसणारा तरुण असतो, घरी वाट बघणारी सून असते. कर्जाच्या कागदावर जामीनदाराची सही घ्यावी लागते. त्याला न विचारता त्याचं नाव घातलं तर ती फसवणूक होते, मग कर्ज कितीही चांगल्या कामासाठी असो. सोय न करता निघायचं आणि त्याला श्रद्धा म्हणायचं, यात न विचारलेले जामीनदार फार असतात. दत्त महाराज स्मर्तृगामी आहेत, आठवण केली की धावून येतात, हे खरं. पण म्हणून शेजारच्या माणसालाही आपण तसंच धावायला लावावं, असा त्याचा अर्थ नाही.

गुरुचरित्रातली तंतुकाची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आपला संसार सांभाळून श्रीगुरूंच्या मठाचं अंगण झाडणारा तो विणकर. शिवरात्रीला घरचे सगळे श्रीशैलाच्या यात्रेला गेले, हा गेला नाही. श्रीगुरूंनी त्याला पादुका धरून डोळे मिटायला सांगितले आणि क्षणात श्रीशैलाला नेलं. ही कथा सांगताना आपण नेण्याचा चमत्कार रंगवून सांगतो. माझं लक्ष मात्र पुढच्या भागाकडं जातं. श्रीगुरूंनी त्याला परतही आणलं. दर्शन झालं, आता तुझं तू बघ, असं म्हटलं नाही. घरचे लोक मागाहून कितीतरी दिवसांनी चालत आले. ज्यानं नेलं त्यानंच घरी पोचवलं, मगच ती यात्रा पुरी झाली. आपण एकमेकांना 'चला' म्हणून नेतो, तेव्हा हीच जबाबदारी आपल्यावरही येत नाही का?

आमच्यातल्या एका गृहस्थांनी मला सरळ विचारलं, "मी त्या गाडीत बसलोच नाही, मग तिचे पैसे मी का द्यायचे?" प्रश्न गैर नाही. त्यांचे गुडघे सुजले होते, मुलगा रजा काढून आला होता. आणि तसं आधी ठरलेलंही नव्हतं. न ठरलेलं नंतर मागणं हाही अन्यायच. त्यामुळं त्या वर्षीच्या कोणालाही मी दोष देणार नाही. पण पुढच्यासाठी माझं उत्तर असं: तुम्ही बाकड्यावरची एक जागा विकत घेत नाही, तुम्ही सोबत पत्करता. नळदुर्गच्या पुढं तुम्हाला ताप आला तेव्हा ज्यांनी तुमची पिशवी वाहिली, त्यांनी ती स्वतःची नव्हती म्हणून रस्त्यात ठेवली नाही. जाताना ओझं सगळ्यांचं असेल, तर येतानाचं भाडंही सगळ्यांचं असायला हवं.

दुसरा आक्षेप याहून नाजूक आहे. गरिबाचं भाडं दुसऱ्यानं भरलं तर त्याचा मान जातो, त्याला वाटतं आपण उपकारात आलो. मावशी गप्प राहिल्या त्या याच कारणानं. यावर उत्तर गाणगापुरातच आहे. तिथं मधुकरी मागायची प्रथा आहे. घरी खाऊनपिऊन सुखी असलेला माणूसही झोळी घेऊन पाच घरं फिरतो, कारण दुपारी श्रीगुरू तिथं भिक्षेला येतात अशी आपली श्रद्धा आहे. एकानं वाढायचं, दुसऱ्यानं घ्यायचं, आणि उद्या वाढणाऱ्यानंही झोळी धरायची. जिथं सगळेच मागतात तिथं कोणी लहान होत नाही. त्याच क्षेत्रात उभं राहून आपण १३३ रुपयांसाठी एका बाईला खोटं बोलायला लावावं, हे मला पटत नाही.

म्हणून आता आमच्याकडं असं ठरलं आहे. नाव देतानाच जाण्या-येण्याची वर्गणी एकदम द्यायची. येताना कोणी मोटारीनं गेला तरी ती परत मिळत नाही, आणि हे आधीच सर्वांसमोर वाचून दाखवायचं. ज्याला पटत नाही त्यानं स्वतंत्रपणे यावं, वाटेत भेटला तर त्यालाही रामराम आहेच. ज्याला जास्त द्यायचं आहे त्यानं बंद डब्यात टाकावं, ज्याला कमी पडतं त्यानं मला एकट्याला सांगावं. वहीत सगळ्यांच्या नावापुढं एकच आकडा लागतो. मोटारीत जागा रिकामी असेल तर आधी सर्वांत थकलेल्याला विचारायचं. या नियमानं दोन-तीन जण नाराज झाले, एक जण यायचा थांबला. बाकीचे येतात.

एक धोका मात्र दुसऱ्या बाजूलाही आहे. काही जण परतीचीच इतकी सोय करतात की संगमावर पाण्यात उभं असतानाही हातातल्या घड्याळाकडं बघतात. गाडी कुठं लागली, खिडकी मिळेल का, हेच डोक्यात. गाडी आली की आठ दिवस ज्याला माउली म्हटलं त्याच्या अंगावरून खिडकीत रुमाल टाकतात. परतीचं ठरवून घ्यायचं ते अशासाठी की नंतर मन मोकळं राहावं. भाडं भरलं, जागा ठरल्या, आता आठ दिवस त्याचं नाव काढायचं नाही.

मार्गशीर्षाच्या थंडीत तुमच्यापैकी बरेच जण या वर्षीही निघाले असतील, नाहीतर पुढच्या वर्षी निघतील. निघण्याआधी संकल्प सोडताना त्यात एक वाक्य वाढवा, एवढीच विनंती. बरोबर निघालेल्यातला शेवटचा माणूस त्याच्या घराच्या उंबऱ्यात पाय ठेवेल, तेव्हा आमची यात्रा पुरी झाली असं समजू.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!