नंबरप्लेट पाहून दिलेली सवलत

कागल सोडून निपाणीकडे निघालं की महाराष्ट्र-कर्नाटक सीमेपलीकडे लगेच कोगनोळीचा टोलनाका लागतो. रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८, नाका बेळगाव जिल्ह्यात. राष्ट्रीय महामार्गांवर नाका ज्या जिल्ह्यात, तिथे नोंदलेल्या व्यावसायिक वाहनांना, राष्ट्रीय परवान्यावरची सोडून, निम्मा टोल असतो. त्यामुळे शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या रामदुर्गचा टेम्पो निम्म्या दराला पात्र ठरतो आणि शेजारच्या कागलचा टेम्पो पूर्ण पैसे भरतो.

मला हा सरळ अन्याय वाटतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, पण माणसांचे व्यवहार जुन्याच वाटेने चालत राहिले. दवाखाना कोल्हापूरचा, नोकरी कागलच्या एमआयडीसीत, सोयरीक दोन्हीकडे. तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या छोट्या मालगाडीला तर परवानाच लागत नाही. कायद्याने तिला सीमा मोकळी आहे, पण एमएच-०९ पाटी असली की भाजीच्या प्रत्येक खेपेला केए-२३ वाल्यापेक्षा दुप्पट टोल.

स्थानिकांना सवलत मिळावी, हे मलाही मान्य आहे. रस्त्यासाठी जमिनी त्यांच्या गेल्या, धूळ आणि गोंगाट त्यांच्या वाट्याला आला, आणि नाका टाळून जाणं त्यांना रोज शक्य नसतं. पण हे सगळं कागलकरांनाही लागू आहे, रामदुर्गकरांना नाही. शिवाय महामार्ग केंद्राचा आहे. एखाद्या राज्याने स्वतःच्या तिजोरीतून पूल बांधला असता, तर आपल्या रहिवाशांना झुकतं माप देण्याचा युक्तिवाद निदान ऐकून घेता आला असता.

योग्य निकष २००८ च्या शुल्क नियमांतच आहे. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खासगी गाडीसाठी सवलतीचा मासिक पास मिळतो. तिथे अंतर मोजतात, राज्य विचारत नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या टोलसवलतीविरुद्धचा दावा २००३ मध्ये अपील न्यायालयात टिकला नाही, कारण तिथलं सवलतीचं यंत्र कुठल्याही राज्यातल्या माणसाला घेता येत होतं.

१५ ऑगस्ट २०२५ पासून आपल्याकडेही तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास आला. त्यातही नोंदणी कुठली हे पाहत नाहीत. मात्र तो फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला. ज्याचं पोटच रोजच्या फेरीवर आहे, त्या टेम्पोवाल्याला तो आधी मिळायला हवा होता.