दया की तयारी?

शाळेची शेवटली परीक्षा झाली व दाखला हाती आला, म्हणजे मुलगा मार्गाला लागला असे आपण समजतो. परंतु जो आंधळा, बहिरा किंवा पांगळा आहे, अथवा ज्याची बुद्धी सावकाश चालते, त्याच्या घरी त्या दिवशी आनंदाबरोबर धास्तीही शिरते. उद्यापासून ह्याने कोठे जावे?

कायद्याने आपले काम बरेच केले आहे. सन २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यान्वये, ज्याचे अपंगत्व शेकडा ४० किंवा त्याहून अधिक आहे, अशा मुलास वयाच्या ६ पासून १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अशांसाठी सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत शेकडा ५, व सरकारी नोकऱ्यांत निदान शेकडा ४ जागा राखून ठेवावयाच्या आहेत. पण राखलेल्या जागेपर्यंत मुलाने पोहोचावे कसे? ती वाट शाळेत व घरी, कित्येक वर्षे आधी बांधावी लागते.

येथेच आमची दया आडवी येते. सतरा वर्षांच्या मुलास आम्ही बाजारात पाठवीत नाही, एस. टी. त एकटे बसू देत नाही, पैसे मोजू देत नाही. "त्याला कोणी फसवील," असे म्हणतो. भय खोटे नाही. तरी वाचकहो, विचार करा: बाप जिवंत असता दोन रुपयांस फसणे ही शिकवण होय, बाप गेल्यावर शेतास मुकणे हा नाश होय. पहिले टाळून आपण दुसऱ्याची तयारी तर करीत नाही ना?

कोणी म्हणेल, "काहींस जन्मभर आधार लागणारच." खरे आहे. पण आम्ही तरी आपले जोडे स्वतः शिवतो काय? आधार घेणे म्हणजे पराधीनता नव्हे. आपल्याविषयीचा निर्णय आपणांस न विचारता होणे, ही पराधीनता. वरील कायदाही दिव्यांगास इतरांसारखाच कायद्यापुढे समान मानतो. आणि जेथे मर्यादित पालक नेमावा लागतो, तेथे त्याने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच निर्णय घ्यावा, असे सांगतो.

म्हणून मुलगा आठवीत आला की आईबापांनी व गुरुजींनी त्याच्याजवळ बसून विचारावे, "बाळ, तुला काय करावेसे वाटते?" मग दर वर्षी एकेक काम त्याच्या हाती सोपवावे. ते काम त्याच्या हातून चुकेल. चुकू द्यावे, व जवळ उभे राहावे. आमच्या मते खरी दया ती हीच.